उलट्या नावेखालची रोझाबाई

सन दोन हजार अठरा. मी तेव्हा पासष्ट वर्षांचा होतो. रोझाबाई माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी असन. नेमकं वय तिलेही ठाऊक नव्हतं. त्या वर्षीच्या पावसात आमच्या गावच्या देवळाच्या दक्षिणेकडच्या भिंतीले चीर गेली, अन् तिथून पुढचे तीन महिने ना ती नीट झोपली, ना मी.

देऊळ म्हणजे चर्च. आमच्या गावातले खिस्ती लोक देऊळच म्हणतात, म्हणून आम्ही सारेच तसं म्हणतो. गाव गोंडपिपरीच्या पुढं, वैनगंगेच्या अंगाले. मी खिस्ती नाई, धिवर आहो. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तळ्याचे मासे अन् नदीवरच्या नावा. मी मात्र गवंडीकाम शिकलो. शाळा तिसरीपर्यंत, तीही अर्धी. पण भिंतीवर थाप मारली तर आत काय चाललं ते मले समजते, अन् ते कोणत्या कॉलेजात शिकवत नाई. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं मले माझ्याच विरोधात लिहाचं आहे.

रोझाबाई त्या देवळाची राखणदार. तिचा नवरा तिथी प्रार्थना सांगणारा मास्तर होता. तो गेल्यावर झाडझूड, दिवाबत्ती, घंटा, सारं तिच्याकडे आलं. पगार नाई, हुद्दा नाई. अंगानं काडी, पण आवाज असा की तळ्याच्या त्या पाळीवरच्या बाया इकडं पाहत. शिकलेली नव्हती, पण कोणी पाहुणा देऊळ पाहाले आला की तिचं व्याख्यान ऐकण्यासारखं असे.

"हे बांधलं लांब फादरनं," ती सुरू करे. "फ्रान्स देशातला माणूस. इतका लांब की आमच्या घराइत वाकून शिरे. त्याच्या गावात असंच एक देऊळ होतं. तिथीच त्याचा बाप्तिस्मा झाला, तिथीच त्याची माय पुरली. इथी आल्यावर त्याले दुसरं काही सुचेच ना. कोळशानं जमिनीवर आपल्या गावचं देऊळ काढलं अन् म्हणला, असंच पायजे."

मग ती वर बोट करे. "हा उतार पाहा किती उभा हाये. त्याच्या गावात आभाळातून बर्फ पडते. साचलं तर छप्पर खाली येईन, म्हणून घसरून जावं असा उतार. इथी बर्फ पडत नाई. इथी वांदरं घसरतात."

पाहुणे हसत. ती हसत नसे, कारण दर वांदरामागं छपराचे दोन-चार कवेलू, म्हणजे कौलं, फुटत अन् तिचा जीव खालीवर होई.

खिडक्या बाहेरून चार बोटं अन् आतून हातभर रुंद. तिकडं थंडी आत येऊ नये म्हणून, इकडं ऊन आत येऊ नये म्हणून. मागची बाजू गोल, सुपासारखी. खाली काळ्या दगडाचा चौथरा, वर अडीच हात जाडीची विटांची भिंत. चुना आमच्याच तळ्यातला. आमच्या धिवरांच्या बाया शिंपल्या गोळा करत, भाजत, त्याचा चुना होई. त्यात बेलफळाचा गर, गूळ अन् हिरड्याचं पाणी. हे सारं रोझाबाईले पाठ. विटा कोणत्या भट्टीतल्या तेही सांगे.

अन् शेवटी ती माझ्याकडे पाहून छपराची गोष्ट सांगे. मी जवळ असलो तर मुद्दाम जोरात.

लांब फादरले आतून गोल छत पायजे होतं. सुतारांनी जमणार नाई म्हणून माना हलवल्या. तेव्हा माझा पणजा, नावा बांधणारा, त्यानं नदीच्या वाळूवर एक नाव उलटी करून ठेवली अन् विचारलं, "असं पायजे काय?" फादरनं म्हणे टाळ्या वाजवल्या. मग आमच्या लोकांनी सागाच्या बरगड्या वाकवून, फटी राळेनं अन् कापसानं भरून देवाच्या डोक्यावर एक मोठी उलटी नाव ठेवली. पण नावेच्या बुडाशी एक भोक असते. नाव काठावर ओढली की बूच काढून आतलं पाणी सोडाचं, त्यासाठी. पणज्याच्या हातानं सवयीनं तेही भोक पाडलं. नाव उलटी, म्हणून बूड सर्व्यात वर. पहिल्या पावसात फादर उपदेश करून राह्यला होता अन् धार सरळ त्याच्या टकलावर.

"जगात कुठी पाह्यलं काय," रोझाबाई म्हणे, "देवाच्या घराले बुडाशी भोक? यायच्या पणज्यानं ठेवलं."

"हाताले सवय असते, बाई," मी चिडून म्हणो.

पुढचं ती हळू आवाजात सांगे. फादरनं ते भोक बुजू देलं नाई. त्यावर कवेलूंची लहानशी टोपी बसवली, म्हणजे पाऊस येणार नाई पण आतली वाफ निघून जाईन. वैशाखात आमच्या घराइत माणूस शिजते, पण त्या देवळात बसलं की अंगावर वारा लागे. रोझाबाई म्हणे, चूक चांगली निघाली तर तिले चूक म्हणू नये.

ती जन्माची काळजीखोर होती. ढग आला की विजेची काळजी, ऊन तापलं की लाकडाची, घंटेले मधमाशा लागल्या की घंटेची. सकाळी झाडू माराच्या आधी ती भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक करत एक चक्कर मारे, बाजारात टरबूज पारखतात तशी. कोणी म्हटलं, "बाई, शंभर वर्षं उभं हाये, आता काय पडते?" तर तिचं उत्तर ठरलेलं. "काल पडलं नाई म्हणून आज पडणार नाई, असं कोणी लिहून देल्लं काय?"

एकदा लग्नाची वरात आली, टेम्पोवर डीजेचे हे मोठे डब्बे. आवाजानं खिडकीच्या काचा थरथरू लागल्या. रोझाबाई रस्त्याच्या मधात उभी.

"बंद करा. माझी भिंत म्हातारी हाये."

डीजेवाला म्हणला, "आजी, म्हातारी तू की भिंत?"

"दोघी. एक पडली तर दुसरी पडन. मंग वरात दोन मयती घेऊन जाईन काय?"

नवरदेव खाली उतरला, त्यानं स्वतः आवाज बंद केला. देऊळ मागं पडेपर्यंत वरात मुक्यानं गेली. नवरीकडचे लोक अजूनही त्या लग्नाले मुकं लग्न म्हणतात.

आता माझी गोष्ट. ती टाळून रोझाबाई सांगता येत नाई.

चीर पडाच्या बारा वर्षांआधी देवळाचा जुना गिलावा जागोजागी सुटला होता. अंतोनभाऊ, देवळाच्या कमिटीचा मुख्य, माझ्याकडे आला. म्हणला, मिस्त्री, असं काम करा की पुढच्या पिढीले हात लावा लागू नये. मी तेव्हा जोरात होतो. तीन तालुक्यांत माझ्या हाताले मागणी. आतून-बाहेरून सिमेंट मारलं, अंड्यासारखं गुळगुळीत. वटवाघळं येत म्हणून वरचं ते भोकही बुजवून टाकलं.

रोझाबाई रोज दगडावर बसून पाहे.

"मिस्त्री, या भिंतीले चुन्याची सवय हाये."

"भिंतीले सवय नसते, बाई."

"काऊन? तुमच्या पणज्याच्या हाताले असते, अन् भिंतीले नसते?"

मी काम करत राहिलो. तिनं दुसऱ्या दिवशी पुन्हा काढलं. म्हणली, चुना पाणी पिते अन् ऊन पडलं की सोडून देते. माझी सासू दर पावसाळ्यानंतर चुन्याचा हात फिरवे, ते काही शोभेसाठी नव्हे. जमिनीतली ओल भिंतीत चढन, तिले बाहेर निघाले वाट पायजे. "तुमी दार लावून राह्यले, भाऊ. आत राहणाऱ्यानं काय कराव?"

मी तिले म्हटलं, "बाई, तुमी फुलं सजवा. भिंत माझ्याकडे राहू द्या."

ती उठली, पदर झटकला अन् गेली. पुन्हा त्या विषयावर माझ्याशी बोलली नाई. पण दर पावसाळ्यानंतर पेरानं टकटक करत फिरे, अन् दक्षिणेच्या भिंतीपाशी आली की थांबे. मी दुरून पाहो अन् तोंड फिरवून घेओ.

चीर दिसली तेव्हा ती खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून निघून छताच्या बरगडीपर्यंत गेली होती. करंगळीचं नख आत जाईन इतकी. रोझाबाईनं त्याच दिवशी घंटा वाजवणं बंद केलं. म्हणली, घंटेचा हादरा भिंतीले बसते. मग रविवारी ती घरोघरी जाऊन बोलावू लागली. "चला वो, प्रार्थनेची वेळ झाली. ढोलकी आणू नका. दार हळू लावा." लोक येत, हळू आवाजात गाणी म्हणत. जोरात आमेन म्हटलं तर ती मागून "शू" करे. फादर तालुक्याहून रविवारी येत, त्यायलेही तिनं सांगून टाकलं की उपदेश लहान द्या.

अन् तिनं पट्ट्या लावल्या. जुन्या कॅलेंडरचे कागद कापून, भाताच्या पेजेनं चिरेवर आडवे चिकटवले. भिंत हलली तर कागद फाटन. नागपूरचे इंजिनियर असंच काचेच्या तुकड्यानं करतात म्हणे. हिले कोणी शिकवलं, देव जाणे. रोज सकाळी दिवस निघताच ती पट्ट्या पाहाले जाई. दुपारी पुन्हा. संध्याकाळी पुन्हा. मी रस्त्यानं जाताना विचारत नसो, पण तिच्या तोंडाकडे पाहो.

एका रविवारी प्रार्थनेच्या मधात ती ओरडली, "बाहेर! सारे बाहेर!" खालची पट्टी गायब होती. नुसती फाटली नव्हती, पूर्णच गेली. लोक चपला सोडून पळाले. अंतोनभाऊची माय दोघांनी उचलून आणली. मीही धावत गेलो. पाहतो तं भिंतीखाली अंतोनभाऊची बकरी, तोंडात ऑगस्ट महिना. पेजेच्या वासानं पट्टी ओढून खाऊन राह्यली होती.

सारं गाव हसलं. रोझाबाई नाई हसली. ती चौथऱ्यावर बसली अन् म्हणली, "आज बकरी होती."

त्या दिवशी लोक गेल्यावर तिनं मले हाक मारली. बारा वर्षांनी पहिल्यांदा भिंतीच्या कामासाठी.

"भाऊ, तुमी एक डाव ठोकून पाहा. माझे हात आता म्हातारे झाले, चुकत असन माझं."

मी ठोकलं. चिरेपासून वावभर दोन्ही बाजूनं माझं सिमेंट पोकळ वाजत होतं. खाली पायाशी, गिलाव्याच्या कडेतून, मिठासारखी भुकटी गळून राह्यली होती. मी चिमटीत घेतली. ती वाळू नव्हती. तो आतला चुना होता, ओलीनं सडून पीठ झालेला. मले त्याच घडीले सारं समजलं. गवंड्याले समजाले किती वेळ लागते?

"पावसाची ओल हाये," मी म्हटलं. "वाळन."

रोझाबाईनं माझ्याकडे पाह्यलं. मग माझ्या चिमटीकडे पाह्यलं. "बरं," म्हणली.

दसऱ्यानंतर नागपूरहून इंजिनियर आणला. तरणा माणूस, चांगला होता, गोड बोले. त्यानं लाल उजेडाचं यंत्र लावून भिंत मापली, फोटो काढले अन् सर्वांसमोर सांगितलं, "बघा, जुन्या काळी सिमेंट नव्हतं. चुन्यात बांधलेली भिंत मुळातच कच्ची. हे प्लास्टर कुणी केलं?"

अंतोनभाऊनं माझ्याकडे बोट केलं.

"छान काम आहे. खरं सांगू का, या प्लास्टरनंच इतकी वर्षं भिंत धरून ठेवली."

लोकांनी माझ्याकडे पाह्यलं. एकानं पाठीवर थाप मारली. उभ्या आयुष्यात शिकलेल्या माणसानं माझ्या कामाले चारचौघांत चांगलं म्हटलं, ते तेवढ्याच एका वेळी. माझी छाती फुगली, अन् त्याच वेळी चिमटीतली ती भुकटी आठवली. मी मान खाली घातली. लोकांले वाटलं, नम्र माणूस आहे.

आठ दिवसांनी मीटिंग झाली, देवळाबाहेरच्या मोहाच्या झाडाखाली. आत बसाची कोणाची हिंमत नव्हती. धान कापून झालं की देऊळ पाडाचं अन् तिथी स्लॅबचा हॉल बांधाचा, असं ठरत आलं. अंतोनभाऊनं रीत म्हणून विचारलं, "रोझाबाई, तुमचं काय म्हणणं?"

ती उभी राह्यली. "भिंत कच्ची नाई. इतकंच माझं सांगणं."

"इंजिनियरपेक्षा तुमाले जास्त समजते काय, बाई?"

"मले नाई समजत. ज्याले समजते तो हाये इथी. तो बोलन तेव्हा बोलन."

ती खाली बसली. सगळ्यांले वाटलं, ती देवाचं बोलून राह्यली. दोघा-तिघांनी तर छातीवर क्रूसही केला. मी मोहाच्या मुळाकडे पाहत बसलो. बोलाव म्हणून तोंड उघडलं, तं घशातून खोकला निघाला. तीन तालुक्यांतली माणसं डोळ्यासमोर आली, ज्यांच्या घराले माझा हात लागला होता. हात वर झाले, ठराव पास झाला. मी खिस्ती नाई, म्हणून माझ्या हाताचा प्रश्न नव्हता. तेवढ्यावर मी स्वतःची समजूत घातली.

मीटिंगनंतर रोझाबाईनं चाव्या अंतोनभाऊच्या हातात देल्या. नागभीडले तिची लेक राहते, ती दुसऱ्याच दिवशी न्याले आली. म्हणली, मायच्या अंगावर भिंत पडाची वाट पाहू काय? दुपारच्या बसनं निघाच्या होत्या. मी स्टँडवर गेलो. तिथी माझं काही काम नव्हतं.

रोझाबाई बाकावर बसली होती, मांडीवर एक पिशवी. मले पाहून म्हणली, "पट्ट्या पाहत जा, भाऊ. खालची आज सकाळी ताणलेली दिसली. फाटली तर कोणाले आत जाऊ देऊ नका. लेकरं खेळाले जातात तिथी."

"हाव."

"अन् बकरी बांधाले सांगा."

"हाव बाई."

मग मी विचारलंच. "मीटिंगमंदी माझं नाव काऊन नाई घेतलं?"

तिनं पिशवी नीट केली. "घेतलं असतं तं तुमी भांडले असते. मी का तुमाले ओळखत नाई? भांडण जिंकले असते तुमी. अन् भिंत पडली असती."

"आता काय उभी राहते?"

"मले काय माहीत? मी फुलं सजवणारी बाई."

ती हे टोचून बोलली नाई. टोचून बोलली असती तर बरं झालं असतं, मी काही उत्तर देलं असतं. बस आली. लेकीनं तिले हात धरून चढवलं. ती खिडकीपाशी बसली, अन् बस हलली तशी तिनं मान बाहेर काढली. ती माझ्याकडे पाहत नव्हती. मोहाच्या अन् बाभळींच्या वरून देवळाचं छप्पर दिसते, तिकडं पाहत होती. उभं आहे की नाई ते.

"आजी, डोकं आत घ्या!" कंडक्टर ओरडला.

तिनं घेतलं नाई. तळ्याच्या वळणावर बस फिरेपर्यंत ते पांढरं डोकं बाहेरच होतं. मी तिले पाह्यलं ते तेवढंच. त्याच हिवाळ्यात ती नागभीडले वारली. मातीले जाणं मले झालं नाई.

पण बस गेली त्या दिवशी मी घरी येऊन जेवलो नाई. घरच्यांनी विचारलं, मी त्यायच्यावर ओरडलो. संध्याकाळी छन्नीले धार लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दक्षिणेच्या भिंतीले लाकडी बल्ल्यांचे टेकू देले, चांगले ठोकून बसवले, अन् पायाच्या बाजूनं माझं सिमेंट फोडाले सुरुवात केली. पहिली खपली परातीएवढी निघाली. मागं भिंत ओली चिंब होती, ताकात बुडवलेल्या भाकरीसारखी. पण हात आत घातला तं त्या ओल्या थराच्या मागची वीट टणक लागली. पुन्हा ठोकून पाह्यलं. खणखणीत.

आवाज ऐकून अंतोनभाऊ धावत आला, मागं अर्धं गाव.

"मिस्त्री, हे काय करून राह्यले? पाडाचं तं महिन्यानं हाये! कोणाले विचारलं?"

"ज्यानं लावलं त्यानं काढाचं. त्यात विचाराचं काय?"

"अन् ह्याच प्लास्टरनं भिंत धरली म्हणून इंजिनियर साहेब—"

"त्यायले फोन लावा," मी म्हटलं. हात थांबवला नाई, थांबवला असता तर पुढचं बोलता आलं नसतं. "सांगा, भिंत कच्ची नव्हती. मिस्त्री कच्चा होता."

मी छन्नी वीतभर वर सरकवली अन् पुन्हा घाव घातला.